पोरानं विचारलं, पप्पा मला पण तसंच मारतील का?

या वेळचं पत्र राजारामपुरीतल्या एका ताईंचं आहे. चार पानी आहे, म्हणून मधलं काढून थोडक्यात देतो.

"काका, आमचं घर तीन पिढ्या ख्रिस्ती. मागच्या रविवारी मुलगा (वय ८) संडे स्कूलवरून आला तो गप्प गप्पच. रात्री झोपताना विचारतोय, आई, आपल्या चुकांची शिक्षा देवानं येशूला दिली ना, मग दीदीनं काही केलं तर पप्पा मला पण तसंच मारतील का? मला काही सुचलं नाही, झोप म्हटलं. सकाळी सासऱ्यांपाशी विषय काढला, ते चर्चमध्ये कित्येक वर्षं एल्डर (कारभार बघणारे वडीलधारे) आहेत. ते म्हणाले त्यात काय अवघड आहे, देवाचा कोप आपल्यावर पडायचा तो पुत्रावर पडला, हीच सुवार्ता, एवढं पटत नसेल तर ख्रिस्ती म्हणवून तरी कशाला घ्यायचं. आणि त्यात भर म्हणजे यंदा उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) तीन तासांच्या उपासनेत येशूचा वधस्तंभावरचा चौथा उद्गार माझ्याकडे आलाय, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' दहा मिनिटं उभी राहून मी काय बोलू? मी विश्वासात आहे की नाही हेच मला कळेना झालंय."

ताई, नमस्कार.

पहिलं पोराचं बघू. सासरे थांबतील, उद्गार पण थांबेल, पण हे पोरगं रोज रात्री तोच प्रश्न उशाला घेऊन झोपणार. आज रात्रीच त्याला सांगा की नाही बाळा, पप्पा तुला मारणार नाहीत, आणि देवानंही वर बसून कुणाला मारलेलं नाही. मारणारी माणसं होती, पिलात नावाचा रोमी सुभेदार होता, त्याचे शिपाई होते, खिळे त्यांनी ठोकले. आणि हे पण सांगा की येशू म्हणजे देवानं पुढं ढकललेला कुणी तिसराच पोरगा नाही, तो देवच आहे, आपल्यासाठी खाली उतरलेला. दीदी रस्त्यात गाडीसमोर आली तर पप्पा काय करतील असं त्यालाच विचारा. तुला पुढं ढकलतील का स्वतः उडी घेतील? पोरांना हे लगेच कळतं. उदाहरण पुरेपूर बसत नाही, कुठलंच बसत नाही, पण आजच्या रात्रीपुरतं झालं.

आता तुमचं. तुमचा पोरगा जे विचारतोय ना, ते चौथ्या शतकात नाझियान्झच्या ग्रेगरीनं भर उपदेशात विचारलं होतं, आणि तो कुणी पाखंडी नव्हता, पूर्वेकडच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्याला संत मानतात. त्या काळात लोक म्हणायचे की ख्रिस्ताचं रक्त म्हणजे खंडणी, मार्कच्या शुभवर्तमानात शब्दच तो आहे, पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला मी आलोय. (आता खंडणी म्हटलं की आपल्याला पेपरातली गुंडांची बातमी आठवते, पण जुना अर्थ सोडवणुकीची किंमत, गुलाम नाहीतर कैदी सोडवायला मोजायचे ती.) मग साहजिकच प्रश्न आला, ही किंमत दिली कुणाला? ग्रेगरी म्हणतो, सैतानाला दिली म्हणाल तर लाज वाटायला पाहिजे, चोराला देवच किंमत म्हणून द्यायचा? आणि बापाला दिली म्हणाल तर का? आपल्याला त्यानं थोडंच कैदेत टाकलं होतं, आणि ज्या बापानं अब्राहामाच्या हातून त्याच्या पोराचा, इसहाकाचासुद्धा बळी घेतला नाही तो स्वतःच्या पुत्राच्या रक्तानं खूष होईल का? तर पोरगा तुमचा चांगल्या संगतीत आहे.

त्याच काळातला दुसरा ग्रेगरी, निस्साचा, त्यानं एक भारी चित्र काढलंय, येशूचं माणूसपण म्हणजे आमिष आणि आत लपलेलं देवपण म्हणजे गळ, मरणानं आमिष गिळलं आणि गळाला लागलं. रंकाळ्यावर गळ टाकून बसणाऱ्यांना हे आवडेल, मला मात्र देवानं सैतानाला फसवलं हे काही पचत नाही. पण त्याच्या मागचं जे म्हणणं आहे, की वधस्तंभ ही लढाई होती आणि मरण हरलं, ते पहिली हजार वर्षं मंडळीत सगळ्यात मोठ्यानं गायलं गेलं. ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही ईस्टरला गातात, मरणानं मरणाला तुडवलं. ऑलेन नावाच्या स्वीडिश प्राध्यापकानं १९३० मध्ये पुस्तक लिहून लोकांना परत आठवण करून दिली की अहो, आपल्या पूर्वजांचं मुख्य गाणं हे होतं, गुन्हा आणि शिक्षेच्या कोर्टाचं नव्हतं.

कोर्टाचं कुठून आलं मग? तर कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म, त्यानं १०९८ ला ग्रंथ पुरा केला, देव माणूस का झाला यावर. तो सरदार-जहागिरदारांचा काळ, सगळं मानापमानावर चालायचं. धन्याचा मान घालवला तर भरपाई द्यायची, आणि देवाचा मान एवढा मोठा की ती भरपाई माणसाच्या ऐपतीबाहेर, पण द्यायची तर माणसानंच, म्हणून देव माणूस झाला. आता इथं एक बारीक गोष्ट आहे जी सासऱ्यांनासुद्धा कदाचित कुणी सांगितली नसेल. अन्सेल्म म्हणतो एकतर भरपाई नाहीतर शिक्षा. भरपाई झाली म्हणजे शिक्षा टळली! येशूला आपल्या जागी शिक्षा झाली असं तो म्हणतच नाही, येशूनं आपण होऊन मान परत दिला असं म्हणतो. भरपाईच्या जागी शिक्षा ठळक झाली ती पुढं चारपाचशे वर्षांनी, युरोपातल्या प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांच्या काळात, आणि त्यातला मोठा माणूस जो कॅल्विन, तो मुळात कायदा शिकलेला. वकिलाला कोर्ट दिसणारच. आणि अन्सेल्मच्या पाठोपाठ पॅरिसमध्ये आबेलार होता, तो म्हणाला भरपाई वगैरे राहू दे, देव आपल्यावर किती प्रेम करतो ते तिथं उघडं पडलं, ते बघून दगडाला पाझर फुटावा म्हणून हे झालं. त्याच्यावर लई टीका झाली ती वेगळी.

हे सगळं तुम्हाला कशाला सांगतोय तर दर रविवारी आपण जो मतांगीकार (विश्वासाची कबुली) म्हणतो ना, निकेयाचा, ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला जो पक्का झाला, त्यात एवढंच आहे की पंतय पिलाताच्या वेळी तो आमच्यासाठी वधस्तंभावर खिळला गेला. आमच्यासाठी. पुढं काही नाही, कसं ते नाही, हिशोब कुणाचा कुणाशी ते नाही. त्रैक्यावर (बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि ख्रिस्ताच्या देवपणावर आपल्या पूर्वजांनी परिषदा भरवून एकेका शब्दासाठी भांडणं केली, पण वधस्तंभानं तारण नेमकं कसं होतं यावर त्या जुन्या जागतिक परिषदांपैकी एकीनंही एकच एक मत पक्कं केलं नाही. त्यामुळे 'एवढं पटत नसेल तर ख्रिस्ती कशाला' हे वाक्य सासऱ्यांनी जरा घाईनं टाकलंय असं मी म्हणेन, अर्थात त्यांच्या तोंडावर म्हणणार नाही.

आपल्या भाषेनं पण यात घोळ घातलाय. मराठी बायबलात शब्द येतो प्रायश्चित्त. आता आपल्या कानाला प्रायश्चित्त म्हणजे काय, तर ज्यानं पाप केलं त्यानंच घ्यायचं, उपास करायचा, गंगेला जायचं, दान द्यायचं. पाप एकाचं आणि प्रायश्चित्त दुसऱ्याचं हे मराठी माणसाला ऐकतानाच खटकतं, माझे हिंदू मित्र मला नेमकं इथंच धरतात, आणि ते चुकीचं धरत नाहीत, शब्दच तसा आहे. पण दुसरा एक शब्द आहे, समेट. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो, देव ख्रिस्ताच्या ठायी जगाचा स्वतःशी समेट करत होता. बघा कोण करतोय समेट. रुसलेल्या देवाला कुणी मनवतंय असं नाही, देवच उठून दाराशी आलाय.

एक घरची गोष्ट सांगतो, धर्मशास्त्र नाही.

माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. आता आपल्या कोल्हापुरात पतसंस्था किती आणि जामीनदार किती हे तुम्हाला सांगायला नको, सही मागायला आलेल्याला नाही म्हणणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं. तर वडिलांच्या एका दोस्तानं म्हशी घ्यायला कर्ज काढलं, वडील जामीन राहिले, दोन म्हशी मेल्या, तिसरी विकली, हप्ते थकले आणि नोटीस आमच्या घरी. पगारातून कपात सुरू झाली ती साडेचार वर्षं. दिवाळीला आम्हाला नवीन कपडे म्हणजे शाळेचाच गणवेश, आई म्हणायची दोन्ही कामं झाली. शेवटी कर्ज फिटलं, संस्थेनं येणे बाकी नसल्याचा दाखला दिला, वडिलांनी तो घडी करून पेटीत ठेवला. कायद्यानं विषय संपला. पण दोस्त? तो वडील दिसले की रस्ता बदलायचा. गंगावेशीत समोरून सायकल दिसली की हा बोळात. म्हणजे पैसे भरले यांनी आणि तोंड चुकवतोय तो! मला लहानपणी याचा भयंकर राग यायचा. मग एका रविवारी उपासना झाल्यावर वडील एक किलोची गुळाची ढेप पिशवीत टाकून सरळ त्याच्या दारात गेले, मला मागं कॅरिअरवर बसवून. आत जाऊन बसले, वहिनी चहा ठेवा म्हणाले. त्या माणसानं अर्धा तास मान वर केली नाही. वडिलांनी पैशाचा विषयच काढला नाही, उसाचं आणि पावसाचं बोलत बसले. आम्ही निघालो तेव्हा तो फाटकापर्यंत आला आणि काही न बोलता सायकलचं हँडल धरून उभा राहिला, सोडेचना.

मला समेट म्हटलं की तो हँडल धरलेला हात दिसतो. दाखला पेटीत पडून होता, त्यानं दोस्त परत आला नाही. वडील उठून गेले तेव्हा आला. पण आता उलटं पण बघा, साडेचार वर्षं वडिलांनी भरलेच नसते आणि नुसता गूळ घेऊन गेले असते तर? तर नोटीस त्याच्या घरी लागली असती आणि गूळ त्याला टोमण्यासारखा लागला असता. म्हणजे भरणं पण लागतं आणि जाणं पण लागतं. क्षमा फुकट असते ती घेणाऱ्याला, देणारा तोटा गिळतो, मग ते पैसे असोत नाहीतर मान. येशूनं सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत कुणी दंड भरत नाही असं लोक म्हणतात, पण म्हातारा बाप गावासमोर धावत गेला, वाटणीची इस्टेट गेली ती कुणाची गेली? त्याचीच की.

बायबलातल्या इब्री लोकांस पत्रात येशूला जामीन म्हटलंय, तेव्हा हे उदाहरण मी काही खिशातून काढलेलं नाही. फक्त एका ठिकाणी ते फसतं आणि नेमकं तिथंच तुमच्या पोराचा पाय अडकलाय. पतसंस्थेत पार्ट्या तीन, संस्था, कर्जदार, जामीनदार. आपण संडे स्कूलमध्ये पोरांना तेच शिकवतो, देव म्हणजे संस्था, आपण कर्जदार आणि येशू बिचारा तिसरा, सही करून अडकलेला. पण ख्रिस्ती विश्वास असा तिघांचा नाहीच. ज्याचे पैसे बुडाले तोच येऊन भरतोय. संस्थाच जामीन राहिली असं म्हणा, कुठल्या ऑडिटरला पटणार नाही, पण तेच सांगायचंय. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतः म्हणतो, माझा प्राण कुणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन देतो. बाप एकीकडे रागावलेला आणि पुत्र एकीकडे मार खाणारा असे दोन तुकडे केले की त्रैक्य मोडलं, आणि ते मोडलं की मग खरंच उरते ती फक्त मारहाण.

सासऱ्यांचं आता. त्यांच्यावर रागावू नका. ते जे बोलतात ते त्यांच्या मनाचं नाही, कोल्हापुरात १८५२ ला मिशनरी वाइल्डर साहेब आले, पुढं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं काम उचललं, आणि त्या लोकांचं सगळं शिक्षण कॅल्विनच्या वळणाचं. त्यांची वेस्टमिन्स्टरची लहान प्रश्नोत्तरी आहे, १६४७ ची, जुन्या लोकांनी ती घोकलेली असायची. त्यात ख्रिस्त याजक (पुरोहित) या नात्यानं काय करतो याचं उत्तर साधारण असं आहे की ईश्वरी न्यायाचं समाधान व्हावं आणि आपला देवाशी समेट व्हावा म्हणून त्यानं स्वतःला एकदाच अर्पण केलं, आणि तो आपल्यासाठी सतत विनंती करतो. सासऱ्यांना प्रेमानं म्हणा, बाबा ते उत्तर पूर्ण म्हणून दाखवा की. त्यांना पहिला अर्धा पाठ आहे, दुसरा अर्धा पण त्यांच्याच पुस्तकातला आहे. आणि हो, त्या उत्तरात कोप हा शब्द नाही. (दुसऱ्या एका उत्तरात आहे, ते मला लगेच दाखवतील, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.)

आणि त्यांच्या चित्राला मोडीत पण काढू नका. मी एकदा एका माणसाच्या उशाशी बसलो होतो, दारू पिऊन गाडी चालवली आणि मागं बसलेला सख्खा भाऊ गेला. त्याला मी आबेलारसारखं देवाचं प्रेम सांगायला लागलो तर तो म्हणाला, मास्तर, प्रेम राहू द्या, माझं कुणी भरलंय का तेवढं सांगा. त्या माणसाला नुसतं बघून पाझर फुटून चालणार नव्हतं, तो आधीच फुटलेला होता. त्याला कुणीतरी आपलं ओझं उचललंय हे पाहिजे होतं, बायबलातला यशया ५३ वा अध्याय तेच म्हणतो, आणि ते मी त्याला वाचून दाखवलं. तुमच्या सासऱ्यांच्या आयुष्यात असं काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. पण माणूस ज्या चित्राला एवढं घट्ट धरतो त्याला बहुतेक वेळा तसं कारण असतं, एकदा चहाला बसून विचारून बघा.

राहिला चौथा उद्गार. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन आपल्याकडे उपासना असते आणि वधस्तंभावरून येशू जी सात वाक्यं बोलला त्या प्रत्येकावर एकेकजण बोलतो. चौथं सगळ्यांना नको असतं, म्हणून नवीन माणसाच्या गळ्यात पडतं.)

हे वाक्य बायबलातल्या स्तोत्र २२ ची पहिली ओळ आहे. आपल्याकडं आरतीची पहिली ओळ कुणी उचलली की पुढचं सगळं आपोआप तोंडात येतं, तसं ते ऐकणाऱ्या यहुदी माणसाला पुढचं स्तोत्र आठवणार, आणि त्याच स्तोत्रात पुढं स्पष्ट म्हटलंय की देवानं पीडिताला तुच्छ मानलं नाही, त्याच्यापासून आपलं तोंड लपवलं नाही. देवानं पुत्राकडं पाठ फिरवली असं व्यासपीठावरून जे छातीठोकपणे सांगतात ना, त्यांनी ते स्तोत्र शेवटपर्यंत वाचलं तर बरं होईल. पण ताई, म्हणून त्या ओळीला गोड पण करू नका, की काही नाही हो, तो फक्त स्तोत्र म्हणत होता. मार्क म्हणतो तो मोठ्यानं ओरडला, आणि ते शब्द त्यानं येशूच्या बोलीतच ठेवलेत, एलोई एलोई, भाषांतरात पण कुणी काढले नाहीत. ते दुखणं खरं आहे. मोल्टमान नावाचा जर्मन पोरगा दुसऱ्या महायुद्धात कैदी झाला, घरात धर्म फारसा नव्हता, छावणीत कुणीतरी बायबल दिलं, मार्क वाचत वाचत या हाकेपाशी आला आणि त्याला वाटलं की हा एकजण मला ओळखतो. पुढं तो मोठा धर्मपंडित झाला आणि १९७२ मध्ये त्यानं यावरच ग्रंथ लिहिला, खिळलेल्या देवाबद्दल. त्याच्याशी सगळेच सहमत नाहीत, पण ती छावणीतली गोष्ट तुम्ही सांगितली तर मागच्या बाकावरचा माणूस पण मान वर करेल.

तुमच्या शंकेचं म्हणाल तर ज्या दिवशी येशूच 'का' म्हणून विचारतोय त्या दिवशी 'का' विचारणारी बाई विश्वासात नाही असं कोण म्हणणार? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, आणि नंतर कित्येक वर्षांनी त्यांनी स्वतःबद्दल लिहिलंय की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. केवढी बाई, आणि केवढ्या मोकळेपणानं. तुम्ही तर फक्त एका रात्री गप्प बसलाय.

दहा मिनिटं म्हणजे हातानं लिहिलेली अडीच पानं, जास्त नको. ग्रेगरी, अन्सेल्म ही नावं तिथं काढू नका, ती माझ्यासारख्या रिकाम्या मास्तरांसाठी. पोराच्या प्रश्नानं सुरुवात करा, त्याला आधी विचारून घ्या मात्र, पोरांना आपलं नाव माईकवर आलेलं आवडत नाही कधीकधी. मग स्तोत्र २२ चा पहिला आणि चोविसावा श्लोक वाचा, मध्ये थोडं थांबा. सासरे पुढच्या बाकावर असतील, त्यांच्याकडं बघून बोलायची गरज नाही, पण आदल्या दिवशी त्यांना ती पानं वाचायला द्या, खोडलं तर खोडू द्या, एखादं वाक्य त्यांचं पण घ्या. आणि पोराला तुमच्या शेजारी बसवा, बारा ते तीन त्याला जड जाणार, पर्समध्ये शेंगदाण्याची चिक्की असू द्या, त्याला उपास नाही.